काकांशी वाद, देवाशी अबोला

काका पहिल्यांदा आमच्या दारात आले ते मत मागायला. शनिवारची सकाळ होती. मी आणि नवरा आदल्याच आठवड्यात लंडनमधल्या स्टॅनमोरच्या या घरात राहायला आलो होतो, खोकी अजून हॉलमध्ये एकावर एक चढवून ठेवलेली. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. अंगात निळा रेनकोट, छातीवर पक्षाचा बिल्ला, हातात लीफलेट्सचा गठ्ठा. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच थांबून चौकटीकडे बघितलं. आईने नागपूरहून दिलेलं लोकरीचं तोरण मी सगळ्यात आधी लावून टाकलं होतं.

"मराठी का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग निम्मं काम सोपं झालं," ते म्हणाले. "आणि निम्मं अवघड. मराठी माणूस सगळं नीट ऐकून घेतो आणि मत दुसऱ्यालाच देतो."

मी म्हटलं, आम्ही वर्क व्हिसावर आहोत, आम्हाला कुठलं मत? तर त्यांनी गठ्ठा बगलेत धरला आणि तिथेच उभं राहून मला समजावून सांगितलं, की भारतीय नागरिकाला इथे मत देता येतं, कायदेशीर राहत असलं की झालं, कौन्सिलकडे नाव मात्र नोंदवायला हवं. "आमच्या पक्षाला नका देऊ हवं तर. पण द्या. इथे राहायचं, टॅक्स भरायचा आणि मतदानाच्या दिवशी घरात बसायचं, याला काय अर्थ आहे?" मग ते आत आले, एका खोक्यावर बसून त्यांनी दोन कप चहा घेतला आणि डस्टबिनचे कुठल्या रंगाचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे तेही सांगून गेले. ते मला कुठल्याही मतापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

काका मूळचे सांगलीचे. भूलतज्ज्ञ. तरुणपणी इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी हॉस्पिटलांतच राहिले, आधी उत्तरेकडच्या लहान गावांमध्ये, मग लंडनमध्ये. काकूंनी बरीच वर्षं इथल्याच एका लायब्ररीत काम केलं होतं. मुलगी मँचेस्टरला असते. आमच्यापासून दोन रस्ते सोडून त्यांचं घर. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि माझ्यासारख्या एकुलत्या एक, सगळे नातेवाईक विमानाच्या पलीकडे असलेल्या मुलीला शनिवारी चालत जाता येईल असं एक घर मिळालं.

देवाचा विषय आमच्यात पहिल्याच गणपतीत निघाला. माझा नवरा भाविक. सकाळी अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय ट्रेन पकडत नाही. काका ठार नास्तिक. आरतीच्या वेळी ते हात मागे बांधून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि जेवायला बसल्यावर नवऱ्याला म्हणाले, "मी जन्मभर माणसांना झोपवलं आणि जागं केलं. मधल्या वेळात त्यांचा आत्मा कुठे जाऊन आला, हे एकानेही उठून सांगितलं नाही."

काकू वरण वाढत होत्या. "कसे सांगतील?" त्या म्हणाल्या. "विसरायचं औषधही तुम्हीच देत होतात ना?"

सगळ्यात मोठ्याने काका हसले. मग नवऱ्याने त्यांना गाठलं, त्यांनी नवऱ्याला गाठलं, आणि ताटं वाळून गेली तरी दोघांचं चालूच. कोणी कोणाला पटवलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही. पुढच्या वर्षी काका स्वतःहून विचारायला आले, "या वर्षी मूर्ती कधी आणताय? मला मुद्दे काढून ठेवायला हवेत."

ऑफिसातही तसंच. माझ्या शेजारच्या डेस्कवर एक आयरिश बाई बसते. लहानपणी चर्चमध्ये वाढलेली, आता जात नाही. विसर्जनाचा फोटो बघून तिने मला विचारलं होतं, "तो विरघळताना तुला वाईट नाही वाटत?" इतक्या साधेपणाने विचारलं की मीही साधेपणाने उत्तर दिलं, आणि तिने मग आजीच्या जपमाळेबद्दल, मरताना आजीने ती कोणाच्या हातात दिली त्याबद्दल सांगितलं. सँडविच खाता खाता आम्ही दोघी स्वर्गापर्यंत जाऊन आलो. तीच बाई निवडणुकीच्या निकालादिवशी सकाळपासून स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली होती. सगळा मजलाच तसा. कोण खूश आहे आणि कोण रडून आलंय, काही कळू नये याची सगळ्यांना काळजी. कॉफी मशीनजवळ फक्त पावसावर चर्चा.

तेव्हा माझी अशी खात्रीच झाली होती, की देवाधर्मावर लोकांशी बोलणं सोपं असतं. राजकारणावर नाही. काकांशी तर राजकारणही सोपंच होतं, कारण आमचं राजकारण म्हणजे रस्त्यातले खड्डे आणि बंद पडायला आलेली काकूंची लायब्ररी. मी त्यांच्या पक्षाला मत देत नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते तरीही दर वेळी लीफलेट आणून हातात द्यायचे. "नियम म्हणजे नियम," म्हणायचे.

मग आई पडली.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई नागपूरच्या घरात एकटी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, कोणाचं ऐकायची सवय नसलेली. गच्चीवर कपडे वाळत घालून खाली येताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि उजवं मनगट मोडलं. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही तिने सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती दोन दिवस डाव्या हातात फोन धरत होती आणि उजवा हात चौकटीबाहेर ठेवत होती. तिसऱ्या दिवशी फोन हातातून निसटला आणि मला प्लॅस्टर दिसलं.

"काहून ओरडून राहिली?" ती म्हणाली. "हात मोडला, डोकं नाही."

पुढचे काही आठवडे मी वेड्यासारखी शोधत होते की आईला इथे आणता येतं का. शेवटी हॅरोमधल्या एका सॉलिसिटर बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आधी तुम्हाला स्वतःला इथे कायम राहायची परवानगी मिळायला हवी. आणि ती मिळाल्यावरही, तुमच्या आईला आंघोळ, जेवण यासाठी कायमचा माणूस लागतो, आणि असा माणूस भारतात मिळूच शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागेल. मिळतो का तिथे माणूस?"

"पगार दिला की मिळतो," मी म्हटलं.

"मग नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नसावं, कारण त्या उठून मला दारापर्यंत सोडायला आल्या.

त्याच रविवारी काका आले. कौन्सिलची निवडणूक जवळ आली होती. लीफलेटवर वरच्या भागात खड्डे होते, पण खाली ठळक अक्षरांत, बाहेरून येणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक हवेत, असं होतं. आमच्या गल्लीतल्या कौन्सिलरचा व्हिसाशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. मी काकांना पोहे दिले आणि सॉलिसिटरकडे काय झालं ते सांगितलं. मला वाटत होतं, ते म्हणतील, अरेरे. एवढंच हवं होतं मला.

काका म्हणाले, "नियम कडक आहे. पण बरोबर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, स्मृतिभ्रंश झाला, तर? मी वॉर्डांत बघितलंय. माणसं कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून असतात. प्रत्येकाने आपापले आईवडील आणले तर ही सिस्टीम चालणार कशी?"

"म्हणजे माझी आई भार आहे."

"भार हा शब्द मी वापरला नाही."

"अर्थ तोच होता, काका."

नवरा मध्ये पडायला बघत होता, मी त्याला हाताने थांबवलं. "तुम्ही आलात तेव्हा दार उघडं होतं," मी म्हटलं, "आणि आता आत बसून तुम्हीच कडी घालताय. तुम्हाला इथे चाळीस वर्षं झाली म्हणून तुम्ही इथले, आणि माझी आई बाहेरची?"

काका उठले. पोहे अर्धे राहिले होते. त्यांनी रेनकोट घातला, चेन गळ्यापर्यंत लावली आणि "तू दमली आहेस, मग बोलू," एवढं म्हणून गेले. लीफलेट्सचा गठ्ठा सोफ्यावरच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नवऱ्याने तो त्यांच्या दाराशी पायपुसण्याखाली, भिजू नये असा ठेवला. मला विचारलं असतं तर मी डस्टबिनमध्ये टाकला असता. कुठल्या रंगाच्या, ते मला माहीत होतं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. ठरवून नाही. आधी मी शनिवारी जायचं टाळलं, मग त्यांनी बेल वाजवायचं टाळलं. स्टेशनच्या रस्त्यावर एकदा समोरासमोर आलो, तर काका फार्मसीच्या काचेतली शॅम्पूची जाहिरात वाचायला थांबले. त्या वर्षी गणपतीला काकू एकट्याच आल्या. नवऱ्याने काकांसाठी मोदक बांधून दिले. आरती नीट झाली, पण जेवताना वाद घालायला कोणी नव्हतं, आणि ताटं पंधरा मिनिटांत उचलली गेली.

काकूंनी मात्र येणं सोडलं नाही. एका मंगळवारी मी घरून काम करत होते, तेव्हा दुपारी अळूवड्यांचा डबा घेऊन आल्या. माझी मीटिंग संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी यांची बाजू घ्यायला आले नाहीये. पण तुला एक गोष्ट माहीत असावी असं वाटतं."

काकांच्या आई सांगलीत एकट्या होत्या. वडील लवकर गेलेले. त्या काळी विधवा आईला इथे आणणं जमत असे. कागद तयार होते, आईंनी पासपोर्टही काढला होता, फोटोसाठी आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत गेल्या होत्या. त्या वर्षी काकांची मोठी परीक्षा होती. काका म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात आणू. पुढच्या उन्हाळ्यात नव्या गावाला बदली झाली, घर लहान होतं. म्हणाले, मोठं घर मिळालं की आणू. काकांच्या आई दर पत्रात विचारायच्या, तिकडे स्वेटर किती लागतील? "चार विणून झाले होते त्यांचे," काकू म्हणाल्या. "मग त्या गेल्या. शेजाऱ्यांनी अग्नी दिला. हे तिसऱ्या दिवशी पोचले. तेव्हापासून यांचं एकच, म्हाताऱ्या माणसांना इथे आणू नये, त्यांचे हाल होतात. आधी हाल होतात म्हणायचे, मग सिस्टीमवर ताण येतो म्हणायला लागले."

खरं सांगायचं तर माझा राग गेला नाही. उलट क्षणभर वाढलाच. स्वतःच्या चुकीचं यांनी धोरण करून टाकलं, असं मनात आलं. पण त्या दिवसानंतर स्टेशनच्या रस्त्यावर ते लांबून दिसले की मला त्यांच्या हातातली लीफलेट्स दिसायची नाहीत. मला विणलेले चार स्वेटर दिसायचे.

एप्रिलमध्ये आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आली. मनगट बरं झालं होतं, फक्त पोळ्या लाटताना दुखायचं. पहिला आठवडा ती घरात बसली, दुसऱ्या आठवड्यात बागेपर्यंत फिरायला जायला लागली, तिसऱ्या आठवड्यात घरी आल्यावर सोफ्यावर बसत म्हणाली, "तुमच्याकडची ती मोठी टपालपेटी आहे ना, तिथे बाकावर एक मराठी डॉक्टर बसतात. चांगला माणूस आहे. देव मानत नाही आणि गणितही कच्चं आहे."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "आई, तू त्यांच्याशी बोललीस?"

"चार दिवस झाले, रोज बोलून राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला कागद दिला, मत द्या म्हणाले. मी म्हटलं, मी पाहुणी, मला कुठलं मत. जावईबापूंनी मला सगळं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी विचारलं, माझी मुलगी रागावली आहे ना तुमच्यावर? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, बरोबर रागावली असेल, तिच्या बाबावर गेली आहे ती."

रविवारी काकूंनी चहाला बोलावलं. मी जायला तयार नव्हते. आईने साडी बदलली, पर्स घेतली आणि दारात उभी राहिली. तिच्यापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

काकूंच्या कन्झर्व्हेटरीत, घरामागच्या काचेच्या खोलीत, आम्ही पाच जण बसलो. काचेतून ऊन येत होतं, टोमॅटोची रोपं कुंड्यांत लावून ठेवली होती. काकांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. नवऱ्याने टोमॅटोंबद्दल विचारलं. काकांनी टोमॅटोंबद्दल जरा जास्तच सांगितलं.

आई कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्यावरून तुमचं वर्षभर बोलणं बंद. मी एक विचारते. तुमच्यापैकी मला कोणी विचारलं का?"

"काय?" मी म्हटलं.

"की मला इथे यायचं आहे का म्हणून. तू वकिलाकडे गेली, डॉक्टरांनी कायदा सांगितला. माझ्या घरी नळाला पाणी येतं, दारासमोर भाजीवाला येतो, बायका संध्याकाळी ओट्यावर बसतात. इथे मला दूध आणायचं तर तुझी वाट पाहावी लागते. तुझ्यापाशी राहायला मला आवडतं, बेटा. पण इथे राहायला नाही आवडत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी वर्षभर एका माणसाशी भांडले होते ते आईच्या वतीने, आणि आईने मला वकीलपत्रच दिलेलं नव्हतं. काका काहीतरी बोलतील, 'बघ, मी म्हणत होतो' असं काहीतरी, म्हणून मी वाट बघत होते. ते माझ्याकडे वळले.

"माझं मत अजूनही तेच आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी ते सांगायच्या आधी, आई कशी आहे, हात कसा आहे, हे मी विचारायला हवं होतं. डॉक्टर होतो मी. पेशंटला आधी तेवढंच विचारतात."

"मीही कडीचं बोलले ते…"

"ते खरं होतं," काका म्हणाले. "म्हणूनच लागलं."

काकूंना असं अवघडलेपण सहन होत नाही. त्या घाईघाईने म्हणाल्या, "ते जाऊ दे. ताई, तुम्ही जायच्या आधी आपण सत्यनारायण घालूया. लेस्टरहून एक गुरुजी येतात, फार छान सांगतात."

आई म्हणाली, "तुम्ही घाला, मी येईन प्रसादाला. मी नाही करत आता काही."

"म्हणजे?"

"पूजा नाही करत. हे गेले तेव्हापासून."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा खुलला. "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूच्या! मला वाटलंच होतं, गणिताची बाई, ती कशी…"

"नाही, डॉक्टर," आई म्हणाली. "तुमचा देव नाहीच. माझा आहे. पण मी त्याच्याशी बोलत नाही. अबोला आहे आमचा. सव्वा महिना हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी त्याला एकच गोष्ट मागितली होती. तो नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याने ऐकलंच नाही."

नवरा खाली मान घालून बसला होता. त्याला उत्तर येत असणार, देवाची बाजू तो नेहमी मांडतो. पण त्याने फक्त किटली उचलून आईच्या कपात चहा ओतला, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. काकांनीही पुढचा मुद्दा गिळला. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं होतं त्यांना?" आणि आईने सांगितलं. सगळं. कुठल्या दिवशी कोणती सलाईन लावली, डॉक्टर काय म्हणाले, बाबा शेवटी काय म्हणाले. यातलं बरंचसं मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तेव्हा तिकिटाच्या आणि रजेच्या मागे होते, पोचले तेव्हा सगळं संपलं होतं, आणि नंतर मी विचारलं नाही कारण मला वाटलं तिला त्रास होईल. काका मध्ये मध्ये अगदी थोडं बोलत होते. "हो, त्या औषधाने तसं होतं." "नाही, त्यांना दुखत नसणार तेव्हा." ते ऐकताना आईचे खांदे खाली येत गेलेले मी बघितले. तीन वर्षांत तिला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

घरी येताना नवरा पुढे चालत राहिला आणि मी आईबरोबर मागे राहिले.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? तू दर संकष्टीला फोन करायची. आई, चंद्र दिसला का? सोडला का उपास? मी म्हणायची, हो, आत्ताच सोडला. मला वाटायचं, पोरगी एवढ्या लांब राहते, तिला तेवढाच आधार. तो कशाला काढून घेऊ?"

"आई, मी कधीच उपास केला नसता. तू करतेस म्हणून करत होते. तू तिकडे एकटी उपाशी बसणार, म्हणून मी इकडे."

आई फुटपाथवर थांबली. "म्हणजे मी तीन वर्षं दर संकष्टीला दुपारी वरण-भात खाऊन राहिली, आणि तू ऑफिसात उपाशी?"

"हो."

ती एवढी हसली की तिला कोणाच्या तरी बागेच्या भिंतीला टेकावं लागलं. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं ते तिला दिसलं असावं, कारण तिने पदराचं टोक माझ्या हातात दिलं. समोरून कुत्रा घेऊन जाणाऱ्या माणसाने आम्हाला काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

सोपं काय आणि अवघड काय, याबद्दलची माझी खात्री त्या रस्त्यावर संपली. काकांशी आणि आयरिश मैत्रिणीशी मी देवावर तासन्‌तास बोलू शकत होते, कारण त्यांच्यापाशी माझं काही अडकलेलं नव्हतं. ज्या बाईने मला पहिली प्रार्थना शिकवली, तिला मी तीन वर्षं फक्त चंद्राची वेळ विचारत होते. आणि व्हिसाच्या नियमावरून काका आणि मी भांडलो, तेव्हा आम्ही दोघंही सरकारबद्दल बोलत नव्हतो. मी नागपूरच्या जिन्याबद्दल बोलत होते. ते बहुधा सांगलीबद्दल.

आई ऑक्टोबरच्या आधी परत गेली. तोवर आमचं ठरलं की नागपूरच्या घरात वरच्या मजल्यावर तिची एक मामेबहीण राहायला येईल, तीही एकटीच होती. मी मॅनेजरशी बोलून दर वर्षी हिवाळ्यात काही आठवडे नागपूरहून काम करायची परवानगी काढली. हे आधीच का सुचलं नाही, तर आधी मी आईला विचारलंच नव्हतं. ती जायच्या आदल्या शनिवारी काकूंचा सत्यनारायण झाला. आई प्रसादाला वेळेवर गेली. काका आणि ती मागे खुर्च्यांवर बसून होते, गुरुजींना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात कुजबुजत. दोघांनीही शिरा दोनदा घेतला.

काकांचा पक्ष बदललेला नाही, माझंही मत बदललेलं नाही. सेटलमेंटची, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळायला लागणारी, वर्षं वाढणार अशी बातमी आली, तेव्हा आम्ही पुन्हा भांडलो, चांगले तासभर. मला मध्येच राग अनावर झाला तेव्हा मी उठून बागेत गेले. पाच मिनिटांनी काका मागून आले आणि म्हणाले, "तुमची किती वर्षं राहिली?" मी सांगितली. त्यांनी मान हलवली. मला तेवढं पुरलं. सांगलीची गोष्ट त्यांनी मला स्वतःहून कधी सांगितली नाही. मला ती माहीत आहे हे त्यांना माहीत असावं, पण तो विषय मी काढत नाही.

आईला मात्र त्यांनी सांगितली आहे. ती म्हणते, बाकावर बसायला लागल्यापासून तिसऱ्याच दिवशी सांगितली. आता ते दोघं रविवारी फोनवर बोलतात. तिकडची निवडणूक, इकडची निवडणूक, देव, गुडघे, सगळं. एकदा मी तिला विचारलं, "तुम्ही भांडत नाही का?"

"भांडतो ना," ती म्हणाली. "ते फोन ठेवतात, मी ठेवते. मग पुढच्या रविवारी ज्याने ठेवला त्याने लावायचा, असं ठरलेलं आहे."

"आणि देवाशी?"

"त्याच्याशी नाही अजून," ती म्हणाली. "परवा देव्हाऱ्यातला बल्ब गेला होता. तो बदलून टाकला. अंधारात कशाला ठेवायचं कोणाला?"